थर्माकोलचं कार्ड

आमच्या वाडीत कुठलीही नवी गोष्ट आली की ती आधी माझ्या वहिनीच्या हातून जाते. हे कधी ठरलं ते कुणाला आठवत नाही. वाडीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईने सुरुवात करून द्यायची अशी पद्धत आहे, आणि गेली काही वर्षं हा मान माझ्या थोरल्या भावाच्या बायकोकडे आहे. रस्त्यावरच्या दिव्याचं बटण तिने दाबलं. विहाराच्या नव्या फरशीवर पहिलं पाऊल तिने ठेवलं. घरोघरी नळ आले तेव्हा पहिली तोटी तिनेच फिरवली. तोटीतून फुस्स करून हवा आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाणी यायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला. तेव्हापासून वहिनी कुठल्याही समारंभाला ‘नळ’ म्हणते. ‘परवा शाळेत नळ हाय’ म्हणजे शाळेत कुणीतरी भाषण करायला येणार आहे.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो. त्या दिवसापासून ती मला ‘भावजी’ आणि ‘तुमी’ म्हणते, आणि मी तिला ‘वहिनी’ आणि ‘तू’ म्हणतो. नऊ वर्षांच्या पोराला अहोजाहो आणि घर चालवणाऱ्या बाईला अगंतुगं, यातला विनोद कळायला मला नोकरीतून निवृत्त व्हावं लागलं. तोवर सवय मोडायची वेळ गेली होती.

मी महाडला राहतो. हायस्कुलात तीसेक वर्षं मराठी शिकवलं. घरातली महत्त्वाची कागदपत्रं माळ्यावर ठेवतो, पुस्तकंही शक्यतो वरच्या फळ्यांवर. सावित्री नदीशेजारी राहणाऱ्या माणसाची शिस्त एवढीच. वाडी वरंधच्या वर, घाटाच्या पायथ्याला. भाऊ गेल्यापासून वहिनी तिथे एकटी असते. मुलगा मुंबईला नोकरीला, सुनेची नोकरीही तिथेच. वाडीत मोबाईलला रेंज नाही. फक्त वरच्या बाजूला पाण्याची टाकी आहे, तिच्याजवळ एक सपाट दगड आहे, त्यावर बसलं की दोन कांड्या येतात. त्या दगडाला वाडी ‘ऑफिस’ म्हणते. संध्याकाळी पाचनंतर ऑफिसात गर्दी असते, कारण मुंबईची माणसं त्या सुमारास कामावरून सुटतात.

वहिनीच्या घरापासून ऑफिस फार तर दोनशे पावलं, पण चढ. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा खुबा दुखायला लागला आणि ही दोनशे पावलं हळूहळू बंद झाली. आधी काठी आली, मग काठीनेही भागेना. जमिनीवर बसणं सुटलं. तांदूळ निवडायला ती खुर्चीवर बसू लागली आणि याचा तिला राग यायचा, कारण खुर्चीवर बसून निवडलेल्या तांदळात खडे राहतात असं तिचं मत आहे. पण खरं दुःख ऑफिसचं होतं. मुलाशी बोलायचं तर निरोप दुसऱ्याकडे द्यावा लागे. शेजारची बाई दगडावर बसून तिच्या वतीने बोलायची, आणि खाली उतरेपर्यंत सुनेला कितवा महिना लागला ते अख्ख्या वाडीला कळलेलं असायचं.

“मला काय डोंगर चढायचाय व्हय?” ती म्हणायची. “त्या दगडावर जायचं, दोन शब्द बोलायचं नि खाली यायचं. तेवढं करून द्या म्हणावं डाक्तरला.”

पोलादपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगितलं की सांधा पार झिजलाय, बदलावा लागेल.

“सांधा बदलायचा?” वहिनी मला म्हणाली. “म्या काय सायकल हाय?”

 पण परतताना वाडीच्या फाट्यावर एसटीतून उतरताना तिने विचारलं, “बदलल्यावर चढता येतं का, ते इचारलं का तुमी?” मी विचारलं होतं. येतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

नेमकी त्याच सुमारास सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विम्याची कार्डं निघू लागली. श्रीमंत-गरीब काही नाही, आधारवर वय सत्तर दिसलं की झालं. वहिनीचं चौऱ्याहत्तर दिसत होतं. मी योजनेची माहितीपत्रिका दोनदा वाचली. सरकारी मराठी वाचायची मला सवय आहे. ‘सदर’, ‘अनुषंगाने’ आणि ‘तद्नंतर’ गाळले की मागे बहुधा एखादं साधं वाक्य उरतं. इथेही उरलं, आणि चांगलं होतं: माणसाने यावं, नाव नोंदवावं, आजारी पडल्यास उपचार घ्यावेत. इतकी सरळ गोष्ट समारंभाशिवाय पार पडणं शक्यच नव्हतं.

सरपंचांचा निरोप आला की वाडीतच शिबिर घेऊ, पाहुण्यांच्या हस्ते वाटप करू, सूत्रसंचालन गुरुजींनी करावं. गुरुजी म्हणजे मी. मराठीच्या मास्तराला लोक दोनच कारणांनी बोलावतात, अर्ज लिहायला आणि माइक धरायला.

तयारीच्या बैठकीत प्रश्न निघाला की पाहुण्यांच्या हस्ते पहिलं कार्ड कुणाला द्यायचं. मी म्हणालो, “पद्धतीप्रमाणे वहिनीला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य माझं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शिबिराच्या दिवशी विहारासमोर मांडव घातला. मागे फ्लेक्स लावला. त्यावर नऊ चेहरे होते आणि त्यातला एकही सत्तरीचा नव्हता. नोंदणीचं टेबल मात्र वर, टाकीजवळ मांडावं लागलं, कारण रेंज तिथेच. महाडहून संगणकाचं काम करणारा एक माणूस आला होता आणि त्याच्या मदतीला आमच्या आशाताई. आशाताई म्हणजे गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या सेविका. आमच्या चार वाड्यांतला प्रत्येक ताप त्यांच्या वहीत असतो. म्हातारी माणसं एकेक करून वर चढली, चेहरा दाखवून नाव नोंदवून खाली आली. समारंभ खाली आणि काम वर, अशी ती विभागणी होती. मी खाली होतो.

वहिनीही खालीच होती. पहिली लाभार्थी म्हणून तिला नऊ वाजल्यापासून पहिल्या रांगेत, कापड घातलेल्या खुर्चीवर बसवलं होतं. नवं हिरवं पातळ, चष्मा पुसलेला. मध्ये एकदा ती उठायला लागली तर सरपंच धावले. “बसा हो काकू, पाहुणे नाते गावाच्या पुढं आलेत.” तासाभराने पाहुणे अजून नात्याच्या पुढेच होते. रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी त्यांना वाटेत चहाला थांबवलं होतं आणि त्या चहाचंही उद्घाटनच झालं असणार.

पाहुणे दीडला आले. मी त्यांची ओळख करून दिली. ‘ज्यांना ओळखीची गरज नाही’ असं म्हणून पुढे सात मिनिटं बोललो. मग पडद्याआडून ते कार्ड आलं. थर्माकोलचं, जवळजवळ दाराएवढं, त्यावर निळ्या-भगव्या रंगात योजनेचं चित्र, आणि लाभार्थीच्या फोटोच्या जागी एका हसऱ्या बाईचा छापील चेहरा, जी आमच्या तालुक्यातली नक्कीच नव्हती. पाहुण्यांनी एक बाजू धरली, वहिनीने दुसरी. फोटोवाला म्हणाला, “आजी, डोळे उघडे ठेवा, हलू नका.” वहिनी हलली नाही. तिने एवढे फोटो काढून घेतलेत की डोळा मिटला तर फोटो फुकट जातो हे तिला पक्कं ठाऊक आहे.

जेवणं झाली. टेबलवाला माणूस आवरून महाडला गेला. वहिनी थर्माकोलचं कार्ड बगलेत धरून, शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेली आणि तिने ते भिंतीला, भावाच्या फोटोच्या खाली टेकवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. खाली पाहुण्यांचं पूर्ण नाव, सरपंचांचं पूर्ण नाव, आणि ‘लाभार्थी महिला’.

ते कात्रण, एक्स-रे आणि पोलादपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी पनवेलच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात गेलो. वहिनीला नेलं नाही, एवढा प्रवास तिला सोसला नसता. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि पुढच्या आठवड्यातला गुरुवार दिला. योजनेची मंजुरी तोवर यायला हवी. नाहीतर त्यानंतरची तारीख थेट जुलैत होती. जुलैत आमचा घाटरस्ता कधी खचेल ते रस्त्यालाही माहीत नसतं.

योजनेच्या खिडकीत आरोग्यमित्र म्हणून एक मुलगी बसली होती. तिने आधार क्रमांक घातला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा घातला.

“काका, यांचं कार्डच निघालेलं नाही.”

“असं कसं? जाहीर समारंभात दिलंय.” मी कात्रण पुढे केलं.

तिने ते नीट, आदराने वाचलं. “हा फोटो झाला, काका. कार्ड कुठेय?”

शाळेत असताना मी हाच प्रश्न असंख्य मुलांना वेगळ्या शब्दांत विचारला होता: निबंध छान आहे, पण उत्तर कुठेय? त्यांना कसं वाटत असेल ते कळलं.

मुलगी भली होती. “घरूनही होतं काका. मोबाईलवर अॅप आहे. आधार टाकायचं, आजींचा चेहरा दाखवायचा, झालं. फक्त गुरुवारच्या आधी करा.” तिने मला अॅप उतरवून दिलं आणि मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून दिल्या. पाच पायऱ्या होत्या. एकीतही पाहुणे नव्हते.

परतीच्या गाडीत मी सगळं जुळवलं. वहिनी दिवसभर खाली बसली, नोंदणी वर झाली. आशाताईंनी वहीत तिच्या नावापुढे खूण केली, कारण कार्ड मिळाल्याचं त्यांनी लांबून डोळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं, आशाताईंनी केलं असेल. वहिनीला वाटलं, दिलंच की. अख्ख्या वाडीत एकीचीच नोंद करायची राहून गेली होती, आणि ती त्याच बाईची, जिचा फोटो पेपरात आला. आणि तिला त्या खुर्चीवर बसवा असं सुचवणारा माणूस समारंभांची थट्टा करत म्हातारा झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पोचलो. वहिनीला एवढंच सांगितलं की हॉस्पिटलच्या कामासाठी तुझा चेहरा मोबाईलला दाखवायचाय, ऑफिसवर जावं लागेल. खरं सांगायचा धीर झाला नाही. ती म्हणाली, “चेहरा इथं दाखवते की.”

“इथे रेंज नाही.”

“मंग मला कोन नेनार?”

वाडीतले तरुण मुंबईत. मी स्वतः मणक्याचा पट्टा बांधून हिंडतो. शेवटी आशाताई आणि शेजारच्या तीन बायांनी विहारातली प्लास्टिकची खुर्ची आणली, वहिनीला बसवलं आणि चौघींनी चार पाय धरले. मी मोबाईल धरला.

“भावजींनी जड काम घेतलंन,” एकजण म्हणाली.

“गो, मास्तर हाय तो, खडू उचलायची सवय,” दुसरी.

“माज्या लग्नात पन असं कुनी नेलं नव्हतं,” वहिनी वरून म्हणाली. “चालत आल्ती मी, वरंधपासून. सावकाश गो, सांडाल मला!”

“काकू, तुमी गेल्या जन्मी साहेब होत्याव.”

“साहेब नाय. फ्लेक्सवरची असन.”

टाकीशी पोचेपर्यंत चौघींना धाप लागली होती, हसून जास्त. वहिनीला दगडावर बसवलं. दोन वर्षांनी ती तिथे बसली होती. तिने हाताने दगड चाचपला. “गुळगुळीत केलात की गो बसून बसून,” एवढंच म्हणाली.

अॅप उघडलं. आधार घातलं. पडद्यावर गोल आला, त्यात वहिनीचा चेहरा, आणि खाली सूचना: डोळ्यांची उघडझाप करा.

“वहिनी, डोळे मिचकाव.”

“काय?”

“डोळे मिटून उघड. इकडे बघत.”

“भर रस्त्यात? तुमच्याकडं बघून?” बायांचा हशा. “चौऱ्याहत्तर वर्सं नाय केलं ते आता करू व्हय?”

“माझ्याकडे नाही, मोबाईलकडे बघून. तू जिवंत आहेस हे त्याला कळायला हवं.”

“त्याला मग बोलून सांगते की!”

पण खरी अडचण लाजेची नव्हती. कॅमेरा समोर आला की वहिनी आपोआप फोटोची होत असे. पाठ ताठ, ओठ मिटलेले, डोळे फाडून उघडे. मोबाईलने वाट पाहिली आणि नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. आशाताई म्हणाल्या, “काकू, सहज बसा.” सहज म्हटल्यावर वहिनी आणखी ताठली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं पण पापणी हलेना. चार वेळा झालं. अॅपने सांगितलं की आणखी एकदा चुकलं तर उद्या या.

उद्या केलं असतं तरी गुरुवार गाठला असता. पण माझा यंत्रांवर आणि उद्यावर सारखाच विश्वास आहे. मी पाचव्यांदा मोबाईल धरला. तेवढ्यात वहिनी, डोळे तसेच ताणून, ओठ फारसे न हलवता म्हणाली, “पन भावजी, एक कार्ड दिलंय की त्यांनी. मंग ह्ये दुसरं कशापायी?”

आता खोटं बोलायचं तर त्यालाही रेंज लागते.

“ते खरं नव्हतं, वहिनी. थर्माकोलचं होतं. तुझं नाव त्या दिवशी नोंदवलंच नाही. सगळ्यांचं इथे वर चाललं होतं आणि तू खाली खुर्चीवर होतीस. आणि तुला खुर्चीवर बसवा असं सांगणारा मीच.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून उघडले. मग पुन्हा मिटून उघडले, जसं माणूस ऐकलेलं नीट पोचावं म्हणून करतो. मोबाईलवरचा गोल हिरवा झाला.

 टाकीतून पाणी ओघळायचा आवाज येत होता. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत होतो. तीस वर्षं वाक्यं जुळवलेल्या माणसाला एवढं एक जमेना.

“म्हंजी,” वहिनी म्हणाली, “तो पन नळच.”

आधी आशाताई हसल्या, मग बाकीच्या, मग ती. मला हसायची परवानगी आहे का ते बघून मी शेवटी हसलो. मोबाईलवर कार्ड आलं, नखाएवढं. फोटोत वहिनीचे डोळे अर्धे मिटलेले होते. “फोटो फुकट गेला,” ती म्हणाली. मी म्हटलं, याच्याइतका कामी आलेला फोटो तुझा दुसरा नाही.

खाली जाण्याआधी तिने दगडावरून मुलाला फोन लावला. आम्ही पाच जण टाकीच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो आणि पाण्याविषयी मोठमोठ्याने बोलत राहिलो.

गुरुवारी ऑपरेशन झालं. त्या खिडकीतल्या मुलीने मंजुरी आल्याचं सांगितलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, शाल दिली नाही, फक्त म्हणाली, “काका, इथे सही करा.” सरकारकडून इतकं नेटकं मराठी वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही. अकराव्या दिवशी वहिनी वॉकर घेऊन माझ्या महाडच्या घरी आली आणि पावसाळाभर राहिली. डोंगराच्या बाजूची खिडकी तिला दिली. ती खुर्चीवर बसून तांदूळ निवडायची आणि जेवताना खडा लागला की माझ्याकडे विजयाने बघायची. मुलगा शनिवार-रविवार येऊन जायचा. श्रावण संपता संपता तिने गाठोडं बांधलं. डॉक्टर म्हणाले होते, काठीने हळूहळू चाला, चढ इतक्यात नको. त्यामुळे वाडीत परतल्यावरही आणखी एक महिना ती चिडचिडत ऑफिसच्या खाली, घरातच राहिली.

थर्माकोलचं कार्ड आता तिच्या कणगीवर झाकण म्हणून आहे. माप असं काही बसलं की जणू त्यासाठीच बनवलं होतं. उंदीर त्याला कडेने कुरतडतात. छापील बाईचा चेहरा मात्र अजून शाबूत आहे आणि भातावर बसून हसत असतो. सरपंचांनी एकदा ते पाहिलं आणि विचारलं, “काकू, हे इथं कसं?” वहिनी म्हणाली, “विमा काढलाय भाताचा.”

परवा दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. मोबाईल वाजला. वहिनीचा नंबर. एवढ्या दुपारी ऑफिसात कोण असणार, तिच्या फोनवरून कुणी निरोप द्यायला वर गेलंय का, काही झालं तर नाही ना, असं सगळं उचलेपर्यंत मनात येऊन गेलं.

“भावजी, जेवलाव का?”

तिचाच आवाज. श्वास जरा वर-खाली होत होता. मागे टाकीचं पाणी ओघळत होतं.

“कोणी आणलं गं वर?” मी विचारलं.

“कोन आननार? काठीनं आणलंन.” आणि मग, “दोनदा बसले वाटंत. कोन बघायला नव्हतं म्हनून बरं झालं, नायतर फोटो काढला असता.”

“आणि काय काम होतं?”

“काम काय?” वहिनी म्हणाली. “काय नाय. ठेवते.”

आणि ठेवला नाही. आम्ही बराच वेळ बोलत राहिलो, बहुतेक तांदळाविषयी.